अणुअभियांत्रिकीत पीएचडी: वाशीच्या पुलावरून दिसणाऱ्या टेकडीपर्यंत कसं पोचायचं

हार्बरची लोकल वाशी सोडून खाडीपुलावर आली की डावीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. सानपाडा-नेरुळची निम्मी मुलं ती टेकडी बघत लहानाची मोठी होतात. तिथे बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आत जायचं कसं, ते मात्र कोणी नीट सांगत नाही. गेल्या गणपतीत आरती संपल्यावर आमच्या सोसायटीतली एक मुलगी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची, प्रसादाची वाटी हातात धरून मला म्हणाली, "काका, मला न्यूक्लिअरमध्ये पीएचडी करायचीय. फॉर्म कुठे मिळतो?"

असा एक फॉर्म नसतो. आपल्याकडे या विषयाचा एकच विभाग, एकच परीक्षा, एकच दरवाजा असं काही नाही. मेकॅनिकलवाला मेकॅनिकलच्या दारातून आत जातो, केमिकलवाली केमिकलच्या, फिजिक्सवाला फिजिक्सच्या. आत गेल्यावर सगळे एकाच अणुभट्टीभोवती उभे असतात. म्हणून "न्यूक्लिअर इंजिनीअरिंग" ही अक्षरं शोधत संकेतस्थळं पालथी घालणारा हमखास चुकतो. मीही एक वर्ष असंच घालवलं. तिला मी दोन-तीन संध्याकाळी जे सांगितलं, ते इथे क्रमाने लिहितो.

पायरी १: पीएचडी हवीच आहे का, हे आधी ठरवा

अणुवीज केंद्र चालवायचं असेल तर पीएचडी लागत नाही. अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी एनपीसीआयएल बी.ई. झालेल्या मुलांना गेटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावते आणि स्वतः प्रशिक्षण देते. तारापूरच्या नियंत्रण कक्षात बसायचं स्वप्न असेल तर पाच-सहा वर्षं प्रबंधात घालवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

इस्पितळात रेडिएशनचं काम करायचं असेल तर रस्ता वेगळा. त्यासाठी भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. आणि त्यावर बीएआरसीची रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका हा रुळलेला मार्ग आहे. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाल्यापासून या कामाकडे नवी मुंबईतल्या मुलांचं लक्ष गेलंय, ते बरंच झालं. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेचा विकिरण प्रकल्प आहे, तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून मसाल्याची पोती जातात. तुर्भ्याच्या मसाला मार्केटपासून हाकेच्या अंतरावर अणुविज्ञान चालतं, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. असली कामंही पीएचडीवाचून होतात.

पीएचडी कोणी करावी? ज्याला एखादी गोष्ट अजून कोणालाच पूर्ण कळलेली नाही याची खाज सुटते, त्याने. नावापुढे "डॉ." लागावं म्हणून करणारे तिसऱ्या वर्षी गळतात. मी चार जणांना गळताना पाहिलंय.

पायरी २: विषय नव्हे, प्रश्न शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अणुअभियांत्रिकी हा एक विषय नाही, वाडा आहे, आणि त्यात बऱ्याच खोल्या आहेत. न्यूट्रॉन कुठे जातात, किती उरतात याचा हिशेब करणारी रिअ‍ॅक्टर फिजिक्स. उष्णता कशी वाहून न्यायची हे बघणारी थर्मल हायड्रॉलिक्स. झिर्कोनियमच्या नळ्या वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा खाऊन कशा वाकतात, हायड्रोजन शोषून कशा ठिसूळ होतात ते पाहणारं पदार्थशास्त्र. वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढणारी आणि उरलेला कचरा काचेत कोंडणारी रसायन अभियांत्रिकी. शिवाय नियंत्रण यंत्रणा, अपघातांच्या शक्यतांचा हिशेब, किरणोत्सारापासून संरक्षण. गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्थेत तर अणूंचं विभाजन सोडून संमीलनाचं काम चालतं.

प्रश्न म्हणजे काय, ते माझ्या खोलीतल्या उदाहरणाने सांगतो.

तारापूरचं तिसरं आणि चौथं युनिट प्रत्येकी ५४० मेगावॅट वीज देतं. त्यासाठी आत उष्णता तयार होते साधारण तिप्पट, १,७०० मेगावॅटच्या वर. समजा भट्टी बंद केली. शृंखला अभिक्रिया थांबली. पण विभाजनातून तयार झालेले किरणोत्सारी तुकडे काही आपल्या हुकमाची वाट बघत नाहीत, ते क्षय पावतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता चालूच असते. म्हणजे शंभर मेगावॅटहून जास्त. एका दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते, म्हणजे आठ-नऊ मेगावॅट. ही उष्णता काढत राहावीच लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या शहाण्यासारख्या बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरांत शिरलं, पंप थांबले आणि घात झाला तो या उरलेल्या उष्णतेने.

आता आपल्याकडचा प्रसंग. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, आग लागली आणि सगळी वीज गेली. कित्येक तास पंपच नाहीत. तरी गाभा वाचला. कारण गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, स्टीम जनरेटरमध्ये थंड होऊन खाली येतं, आणि पंपावाचून फिरत राहतं. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरला पाणी पुरवलं, बाकीचं काम निसर्गाने केलं. याला नैसर्गिक अभिसरण म्हणतात. आजी चुलीवर पाणी तापवताना पातेल्यात जे होतं तेच.

मग प्रश्न असा: आपल्या जडपाणी भट्ट्यांत इंधनाच्या नळ्या आडव्या असतात. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३९२ नळ्या आहेत. आडव्या नळीत प्रवाह मंदावला की वाफ वर आणि पाणी खाली असे थर पडतात. वरच्या इंधनकांड्या वाफेत उघड्या पडतात. तो थर नेमका कधी पडतो, किती वेगाला मोडतो, नळी किती वाकली तर काय बदलतं? असल्या एका छोट्या तुकड्यावर माझी सहा वर्षं गेली. शेवटी हातात काय आलं? काही आलेख आणि एक समीकरण, तेही ठरावीक मर्यादेतच चालणारं. पीएचडी एवढीच असते.

प्रश्न शोधण्याचा सोपा उपाय सांगतो. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जा, तुमच्या आवडीच्या खोलीतले दहा प्रबंध उघडा. प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण वाचा, त्यात पुढे काय करायला हवं ते लेखकाने लिहिलेलं असतं. मग आभाराचं पान वाचा. हसू नका, ते पान फार बोलकं असतं. प्रयोगाचं यंत्र कोणाचं, कोणत्या संस्थेने वेळ दिला, यंत्र बंद पडलं म्हणून किती थांबावं लागलं, हे तिथे कळतं. नोंदणीचं आणि पदवीचं वर्ष जुळवलं की त्या गाईडकडे मुलं किती वर्षांत सुटतात तेही कळतं.

पायरी ३: दार निवडा

मुंबई-ठाणे पट्ट्यात राहणाऱ्याचं नशीब असं, की देशातली मोठी दारं लोकलच्या अंतरावर आहेत.

पहिलं दार होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचं, म्हणजे एचबीएनआयचं. २००५ साली हिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुख्यालय अणुशक्तीनगरात आहे. पण ही संस्था म्हणजे एक इमारत समजू नका. ट्रॉम्बेचं बीएआरसी, कल्पाक्कमचं इंदिरा गांधी केंद्र, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संस्था, इतकंच काय, परळचं टाटा मेमोरियलसुद्धा तिच्या छत्राखाली येतं. पदवी एचबीएनआयची आणि काम या केंद्रांत, अशी रचना आहे. जागांच्या जाहिराती त्या त्या केंद्राकडून निघतात, म्हणून त्यांच्यावर वेगवेगळी नजर ठेवावी लागते.

बीएआरसीत शिरायचे दोन मार्ग. विज्ञानात एम.एस्सी. असेल तर ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून, थेट पीएचडीसाठी. अभियंत्यांचा राजमार्ग मात्र ओसीईएस: एक वर्षाचं प्रशिक्षण, त्यानंतर सायंटिफिक ऑफिसरची नोकरी. हे प्रशिक्षण देणारी बीएआरसीची प्रशाला १९५७ पासून चालू आहे. लेखी परीक्षेने किंवा गेटच्या गुणांनी मुलाखतीपर्यंत पोचता, पुढे सगळं मुलाखतीवर. बदल्यात तीन वर्षं नोकरी करण्याचा बंध लिहून द्यावा लागतो. नोकरीत राहून एचबीएनआयची एम.टेक. आणि पुढे पीएचडी करता येते. माझं मत विचाराल तर मध्यमवर्गीय घरातल्या अभियंत्याला याहून चांगला सौदा नाही. पगार चालू, यंत्रं हाताशी, गाईड शेजारच्या खोलीत. एकच अडचण: प्रश्न तुम्ही निवडत नाही, बहुतेक वेळा प्रश्न तुम्हाला निवडतो. याचंच भावंड म्हणजे डीजीएफएस. त्यात ठरावीक संस्थांत एम.टेक. करता, खर्च अणुऊर्जा विभाग उचलतो आणि नंतर नोकरी.

दुसरं दार पवईचं. आयआयटी मुंबईत मेकॅनिकल आणि ऊर्जा विभागात अणुभट्टीवर काम करणारे प्राध्यापक आहेत. प्रवेश साधारणपणे वर्षातून दोनदा होतात, जुलैच्या आणि जानेवारीच्या सत्रासाठी. बाहेर जायची तयारी असेल तर आयआयटी कानपूरला न्यूक्लिअर इंजिनीअरिंग याच नावाने स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

तिसरं दार मुंबई विद्यापीठाचं किंवा एखाद्या महाविद्यालयाचं, आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही. बीआरएनएस, म्हणजे अणुविज्ञान संशोधन मंडळ, विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना प्रकल्प देतं. अशा प्रकल्पात फेलोची जागा असते आणि बीएआरसीतला एक शास्त्रज्ञ सहकारी असतो. तुमची नोंदणी विद्यापीठात, मोजमापं ट्रॉम्बेत. चांगला जमला तर झकास. पण प्रकल्पाला मुदत असते आणि प्रबंधाला नसते, हे लक्षात ठेवूनच आत जा.

पायरी ४: परीक्षा आणि मुलाखत

गेटमध्ये अणुअभियांत्रिकीचा वेगळा पेपर नाही. आपल्या शाखेचाच द्या: मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, मेटलर्जी, फिजिक्स. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज आदल्या पावसाळ्याच्या शेवटी. गुण तीन वर्षं चालतात, म्हणून तिसऱ्या वर्षापासून तयारी आणि शेवटच्या वर्षी परीक्षा हा हिशेब बरा. विज्ञानवाल्यांसाठी नेट जून आणि डिसेंबरमध्ये, फिजिक्सवाल्यांना त्याशिवाय जेस्ट. मुंबई विद्यापीठाची पेट नावाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. पात्रतेत पदव्युत्तरला ५५ टक्के हा सर्वसाधारण नियम. २०२२ च्या यूजीसी नियमांनी चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असलेल्यांनाही पीएचडीचं दार उघडलं, पण प्रत्येक संस्थेची अट वेगळी वाचा.

मुलाखतीत मुलं एका विचित्र कारणाने पडतात. अणुभट्टीवर पाठांतर करून जातात आणि आपल्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रश्नाला गडबडतात. मेकॅनिकलच्या मुलीला पॅनेल विचारणार: नळीतून पाणी उकळत चाललंय, भिंतीचं तापमान कुठे अचानक उडी मारेल? केमिकलवाल्याला विचारणार: दोन द्रव एकमेकांत न मिसळता त्यातला एक पदार्थ दुसरीकडे कसा जातो? अणूचा प्रश्न येतो तोही मुळातला. एक हमखास: आपण जड पाणी का वापरतो? उत्तर दोन ओळींचं आहे. साधं पाणी न्यूट्रॉनचा वेग छान कमी करतं, पण त्यातला हायड्रोजन बरेच न्यूट्रॉन गिळतो. जड पाणी फार कमी गिळतं, म्हणून समृद्ध न केलेलं नैसर्गिक युरेनियम, ज्यात विभाजनक्षम युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं, तेही चालतं. पण पॅनेल तिथे थांबत नाही. "मग वेग कमी करायला जड पाण्यात न्यूट्रॉनला जास्त टकरा का लागतात?" टकरीत समान वजनाच्या गोटीला सगळा वेग देता येतो, दुप्पट वजनाच्या गोटीला नाही. कॅरम खेळलेल्या मुलाला हे हाताने माहीत असतं. "माहीत नाही, पण असा विचार करून बघतो" हे वाक्य मुलाखतीत चालतं. थापा मात्र चालत नाहीत, समोर बसलेल्यांचं आयुष्य त्यातच गेलेलं असतं.

पायरी ५: गाईड

लग्नाच्या बाबतीत आपल्याकडे जेवढी चौकशी होते त्याच्या निम्मी जरी गाईडच्या बाबतीत केली तरी अर्धे प्रबंध वेळेत पुरे होतील.

मी पहिल्यांदा एकच पत्र अकरा जणांना पाठवलं होतं. वर नाव बदलायचं, खाली "आपल्या संशोधनात मला प्रचंड रस आहे". नऊ जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने नम्रपणे कळवलं की ज्या कामाचा मी उल्लेख केलाय ते काम त्यांचं नसून त्यांच्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाचं आहे. अकराव्याने भेटायला बोलावलं, कारण त्यांच्या एका आलेखाबद्दल मी चुकून खराखुरा प्रश्न विचारला होता. पुढचं पत्र लिहाल तेव्हा फक्त तो प्रश्न लिहा. दहा ओळींत. कोणता शोधनिबंध वाचला, काय कळलं नाही, स्वतः काय करून पाहिलं. गुणपत्रिका मागितल्याशिवाय जोडू नका.

भेटायला गेलात तर त्यांच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या. तीन गोष्टी विचारा: यंत्र चालू स्थितीत आहे का, सर आठवड्याला किती वेळा भेटतात, आणि निवृत्तीला किती वर्षं उरलीत. तिसरा प्रश्न सरांना विचारू नका.

पायरी ६: कागदपत्रं

इथे आपल्याकडची मुलं फार अडकतात, म्हणून चार ओळी. केंद्र सरकारच्या संस्थेत ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि नॉन-क्रीमी लेअरसह लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला बरेचदा चालत नाही. ठाण्याच्या किंवा पनवेलच्या तहसील कार्यालयातून सेतू केंद्रामार्फत तो काढायला लागणारा वेळ जाहिरातीच्या मुदतीपेक्षा जास्त असू शकतो, तेव्हा जाहिरातीची वाट बघू नका. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. पात्र असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांवर वडिलांचं नाव एकसारखं आहे ना, ते आजच बघा. निवड झाल्यावर पोलीस पडताळणी होते. मधल्या काळात भाड्याचं घर बदललं असेल तर पत्त्यांची यादी तयार ठेवा, नाहीतर कागद एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हिंडत राहतो. माझा सात आठवडे हिंडला.

पायरी ७: पैसे आणि प्रवास

१ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दराने फेलोला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० मिळतात, वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या त्या त्या समाजातल्या, राज्यात नोंदणी केलेल्या संशोधकांसाठी आहेत. प्रकल्पावर असाल तर पैसे वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. एकदा मला चार महिने काही मिळालं नव्हतं आणि मग एकदम सगळं जमा झालं. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असावा.

घरी राहून करायचं असेल तर प्रवास असा. नेरुळ-वाशीकडून मानखुर्दला उतरलात की अणुशक्तीनगर जवळच. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला यायचं आणि तिथून सीएसएमटीकडे जाणारी गाडी, किंवा कुर्ल्याला बदल. पवईला जायला ठाण्याहून धीमी पकडून कांजूरमार्ग, पुढे बस किंवा रिक्षा. संगणकावरचं काम असेल तर हे निभतं. प्रयोग असेल तर वसतिगृह घ्या. यंत्र तापायला सकाळचे चार तास लागतात आणि वाचनं घ्यायची वेळ येते तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते.

पायरी ८: आत गेल्यावर

पहिलं वर्ष कोर्सवर्कचं, किमान १२ श्रेयांकांचं. ते पटकन उरका. खरं काम दुसऱ्या टेबलावर चालू ठेवा: एक संगणक प्रणाली नीट शिका. न्यूट्रॉनचा हिशेब करणाऱ्या, जगभर नावाजलेल्या एमसीएनपीचा परवाना अमेरिकेच्या निर्यात नियमांत अडकतो, त्याच्या मागे लागून वर्ष घालवू नका. तेच काम करणारी ओपनएमसी खुली आहे, फुकट आहे, लिनक्सवर चालते. शृंखला अभिक्रिया टिकते का, हे सांगणारा गुणक ती काढून देते; तो एकच्या खाली राहिला तर अभिक्रिया विझते. उष्णतेच्या प्रवाहासाठी ओपनफोम. कणांच्या मोजणीसाठी सर्नची जिआंट-४. तिन्ही घरच्या लॅपटॉपवर चढतात, त्यासाठी प्रवेश मिळायची वाट बघायची गरज नाही.

किरणोत्साराच्या जागी काम असेल तर छातीवर टीएलडी बिल्ला लागतो. त्यातली कॅल्शियम सल्फेटची चकती ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तापवतात आणि तिच्यातून निघालेल्या प्रकाशावरून तुम्हाला किती मात्रा मिळाली ते कळतं. मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे मात्रेचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. बिल्ला घरी न्यायचा नाही, खिशात चाव्यांबरोबर ठेवायचा नाही, आणि जर्किनच्या आत लावायचा नाही. मुलींच्या आया मला एकच गोष्ट विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: गर्भारपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि कामाची जागा त्याप्रमाणे बदलली जाते. यूजीसीच्या नियमांत २४० दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपन रजा आहे, आणि स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलतही.

अणुऊर्जा विभागाच्या कुंपणाच्या आत काम असेल तर आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. मोबाइल बाहेर राहतो, पेन ड्राइव्ह विनापरवाना आत-बाहेर होत नाही. शोधनिबंध पाठवण्याआधी अंतर्गत मंजुरी लागते, तिला वेळ लागतो. म्हणून निबंध "तयार झाला" असं म्हणण्याच्या दोन महिने आधीच मंजुरीची तयारी करा.

मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ती फक्त काढायची असतात. किमान तीन, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त सहा. दर सहामाहीला समितीपुढे उभं राहायचं. पंप गळतो, थर्मोकपल मरतं, परीक्षक उत्तर देत नाही. रोज वही लिहा, तारखेसह, फसलेल्या वाचनांसकट. प्रबंधातली साम्यता १० टक्क्यांच्या आत ठेवा. मग सिनॉप्सिस, बाहेरचे परीक्षक, आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा. त्या दिवशी घरच्यांना बोलवा, त्यांना काही कळलं नाही तरी.

परदेशी जायचं असेल तर

मिशिगन, एमआयटी, बर्कली, नॉर्थ कॅरोलिना स्टेट ही नावं सगळ्यांना माहीत असतात. कमी माहीत असतं ते हे, की अणुतंत्रज्ञान अमेरिकेच्या संवेदनशील यादीत आहे. व्हिसा जादा तपासणीत अडकून महिनोन्‌महिने राहू शकतो, तेव्हा मुलाखतीची तारीख लवकर घ्या. तिथे पोचल्यावरही काही प्रकल्प भारतीय नागरिकांना स्वतंत्र परवानगीशिवाय खुले नसतात. प्रवेशाचं पत्र आल्यावर प्राध्यापकांना सरळ विचारा: माझा विषय निर्यात नियंत्रणात येतो का? प्रकाशित होणारं, मूलभूत स्वरूपाचं काम असेल तर त्रास कमी. स्वीडनमध्ये पीएचडीचा विद्यार्थी पगारी कर्मचारी असतो, जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे, या दोन्हींकडे आपली मुलं उगाच दुर्लक्ष करतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी क्युरींच्या नावाची फेलोशिप मुलींसाठी आहे, पण ती पदव्युत्तरसाठी, पीएचडीसाठी नाही.

नंतर नोकरीचं काय, हा प्रश्न आईवडील विचारणारच. बीएआरसी, एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, आयआयटी ही नेहमीची ठिकाणं. कारखानदारीत एल अँड टी हजिऱ्याला ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांचे स्टीम जनरेटर बनवते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची मोहीम जाहीर झाली, २०३३ पर्यंत किमान पाच देशी छोट्या भट्ट्या चालू करायच्या असं त्यात आहे. आज नोंदणी करणाऱ्याचा प्रबंध त्याच सुमारास पुरा होईल.

आमच्या सोसायटीतल्या मुलीने गेटचा फॉर्म भरला, मेकॅनिकलचाच. मी सांगितलं म्हणून ओपनएमसीही लॅपटॉपवर चढवली. परवा रात्री साडेदहाला दारावरची बेल वाजली. लॅपटॉप उघडाच हातात. "काका, एक नळी केली, नैसर्गिक युरेनियम भरलं, भोवती पाणी भरलं. गुणक एकच्या वर जातच नाही. नळ्यांमधलं अंतर वाढवलं, कमी केलं, काहीच नाही. प्रोग्राम बिघडलाय का?"

मी विचारलं, "पाणी कुठलं भरलंस?"

ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली, मग जिन्यातच खाली बसली आणि टाइप करायला लागली.